मोहाची टोपली

आमच्या आज्याच्या नावावर एक गुन्हा होता. मोहाची फुलं बाळगल्याचा.

आमच्या मोखाड्याकडे फाल्गुन-चैतात पहाटेच मोहाखाली जावं लागतं. उशीर झाला की गुरं फुलं खाऊन टाकतात. घरातली सगळीच माणसं टोपल्या घेऊन निघायची. वाळवलेली फुलं पावसाळ्यात दाणा संपला की उकडून खायची. बियांचं तेल सैपाकाला. दारूही व्हायची, ते लपवण्यात काय अर्थ? लग्नाला, देवाला ती लागायचीच.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी आज्याला टोपलीसकट धरलं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला होता, त्यात मोहफुलांवरही बंधनं होती. दंडासाठी आज्याने सावकाराकडून पैसे उचलले आणि दोन वर्षं त्याच्या शेतावर राबून फेडले. घरात कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. शाळेत भांडण झालं की पोरं मला ‘चोराचा नातू’ म्हणायची. मलाही वाटायचं, म्हाताऱ्याने काहीतरी केलंच असणार.

पुढे ठाण्याला शिकायला गेलो. तिथे लायब्ररीत गुन्हेगारीशास्त्राचं एक पुस्तक हाती लागलं. लोम्ब्रोजो नावाच्या इटालियन डॉक्टरने 1876 साली मांडलं होतं, की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीवरून, जबड्यावरून ओळखू येतो. हसू नका, पण त्या रात्री मी आरशात माझा जबडा न्याहाळला. मग कळलं, त्याच्याही पाच वर्षं आधी, 1871 ला, इंग्रजांनी आपल्याकडे अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवायचा कायदा केला होता. तो देशभरातून जायला 1952 उजाडलं.

मी वाचत गेलो. महादेव कोळ्यांचा राघोजी भांगरे सावकारांवर उठला, तो इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोर. 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आपल्याकडे तो आद्य क्रांतिकारक. माणूस एकच, दप्तरं दोन.

आणि मग सापडला 1892 चा कायदा. खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी, मोहाच्या फुलांवरचा! जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान, मोखाडा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. सरकारला दारूच्या मक्त्यातून महसूल मिळायचा. माणसं घरीच गाळू लागली तर मक्त्याची दारू घेणार कोण? म्हणून फुलांवरच बंदी. पुढे आपलं सरकार आलं. इंग्रजांना दारू विकायची होती, आपल्यांना ती बंद करायची होती. हेतू उलटे, पण दोघांनाही सापडली ती आमचीच टोपली.

तोवर मी विचारत होतो, आज्याने गुन्हा का केला? त्या दिवसापासून प्रश्न बदलला. याला गुन्हा कोणी ठरवलं, आणि कशासाठी? या विषयाची गोडी लागली ती तिथून.

गुन्हा नावाची गोष्टच नसते, असं मात्र मी म्हणत नाही. दारूपायी बायकोला मारणारे आमच्याच पाड्यावर होते. त्या बाया कधी ठाण्यात गेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा मार कुठल्या कागदावर आला नाही. फुलांची टोपली तेवढी आली. हेही मला त्याच अभ्यासाने दाखवलं.

सुट्टीत घरी आलो तेव्हा आज्याला सगळं सांगितलं. तो ओट्यावर विडी ओढत ऐकत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “म्हणजे मी चोर नव्हतो तं?”

“नाय रं बाबा.”

“मंग हे आदी कोनी का नाय सांगितलं?”

मला उत्तर देता आलं नाही.

2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. आजा तोवर राहिला नव्हता. त्याची टोपली अजून माळ्यावर आहे. त्या चैतात मी ती खाली काढली, झटकली आणि पहाटे मोहाखाली गेलो.