नव्या यंत्रात घालायचे काय? हेलसिंकी, १९९१

#थ्रेड

१९९१ साली घरासाठी नवा संगणक जोडून घेणाऱ्यापुढे एक विचित्र पेच होता. यंत्र पुढे निघून गेले होते आणि ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम मागे राहिली होती.

इंटेलची ८०३८६ ही चिप १९८५ मध्ये आली. ती ३२ बिटांची होती. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवण्याची आणि एकाला दुसऱ्याच्या मेमरीत घुसू न देण्याची सोय तिच्यात मुळातच होती. तरीही बहुतेक घरांत तिच्यावर चालत असे एमएस-डॉस. डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी, आणि ६४० केबी मेमरीची मर्यादा तर १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या रचनेतून वारशाने आलेली. अरबी घोडा आणून तेलाच्या घाण्याला जुंपावा, तसा हा प्रकार.

पर्याय नव्हते असे नाही. १९९० चे विंडोज ३.० डॉसच्याच खांद्यावर उभे होते. ओएस/२ ची ३८६ साठी घडवलेली आवृत्ती १९९२ मध्ये यायची होती. खरा युनिक्स विकत मिळे, पण त्याची किंमत कंपन्यांचा खिसा पाहून ठरलेली असे.

जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस तोरवाल्ड्सने असाच एक ३८६ संगणक घेतला. वेग ३३ मेगाहर्ट्झ, मेमरी ४ एमबी, आणि पैसे हप्त्याने. यंत्राबरोबर डॉस आले होते; त्याला ते नको होते. आदल्याच वर्षी विद्यापीठात त्याला युनिक्सची चव लागली होती.

त्याने निवडले मिनिक्स. या नावामागे स्वतःचा एक इतिहास आहे. युनिक्सची मालकी एटी अँड टी कंपनीकडे होती आणि सातव्या आवृत्तीपासून तिचा सोर्स कोड वर्गात शिकवण्यावर कंपनीने बंदी घातली. तेव्हा ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांसाठी युनिक्ससारखी एक छोटी सिस्टिम नव्याने लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याला एका सत्रात समजून घेता यावी एवढीच ती असावी, हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच जगभरातून येणाऱ्या सुधारणा ते सहसा मूळ सिस्टिममध्ये घेत नसत. शिक्षक म्हणून त्यांचे काहीही चुकत नव्हते. पण घरच्या संगणकावर रोजचे काम करू पाहणाऱ्याची त्यात कुचंबणा होई. शिवाय मिनिक्स विकत घ्यावे लागे आणि बदललेली पूर्ण प्रत परस्पर वाटता येत नसे.

मागवलेल्या फ्लॉपी यायला महिन्याहून अधिक काळ लागला. तोवर हा नवाकोरा संगणक मुख्यतः ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळण्यासाठी राबला. फ्लॉपी आल्यावर तोरवाल्ड्सने मिनिक्स चढवले, ऑस्ट्रेलियातील ब्रूस इव्हान्स यांनी ३८६ साठी केलेले फेरफारही त्यात बसवले. मात्र मॉडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून देणारा मिनिक्सचा टर्मिनल प्रोग्रॅम त्याला पसंत पडेना.

मग त्याने तो स्वतःच लिहिला, आणि तोही कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराविना, थेट चिपवर चालणारा. दोन कामे आळीपाळीने चालत: एक कीबोर्डकडून मॉडेमकडे, दुसरे मॉडेमकडून पडद्याकडे. पुढे फायली उतरवून घेण्याची गरज पडली, तेव्हा डिस्क वाचणारा भाग आला. डिस्कवरील मिनिक्सच्या फायली समजाव्यात म्हणून फाइल सिस्टिम आली. एकेक गरज भागवता भागवता टर्मिनल मागे पडले आणि जे उरले ती ऑपरेटिंग सिस्टिमच होती.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या चर्चागटात ही बातमी दिली. हा केवळ छंद आहे, मोठे काही व्हायचे नाही, असेही नम्रपणे कळवले. सप्टेंबरमध्ये सुमारे १० हजार ओळींची ०.०१ आवृत्ती तयार झाली. तिला ‘फ्रीॲक्स’ म्हणावे असे त्याच्या मनात होते. सर्व्हरवर जागा देणाऱ्या आरी लेमके यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले, तेच टिकले.

त्या वर्षाच्या अखेरीकडे एक अपघात घडला. मॉडेमला द्यायचा डायल करण्याचा आदेश तोरवाल्ड्सने चुकून हार्ड डिस्ककडे पाठवला आणि मिनिक्सचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा चढवायचे की आपल्याच सिस्टिमवर राहायचे? तो राहिला. ज्या निवडीसाठी वर्षभर खटाटोप चालला, तिचा शेवटचा निकाल एका चुकीच्या आदेशाने लावला.

त्याच नाताळात त्याने डिस्कचा मेमरीसारखा वापर करण्याची सोय लिहिली. जर्मनीतील एका वापरकर्त्याकडे अवघी २ एमबी मेमरी होती आणि तेवढ्यात कर्नल कंपाइल होईना, हे निमित्त. मिनिक्समध्ये ही सोय नव्हती. फेब्रुवारी १९९२ पासून लिनक्स ग्नू प्रकल्पाच्या जीपीएल परवान्याखाली आले. पहिल्या परवान्यात पैसे घेण्यास पूर्ण मनाई होती, त्यामुळे फ्लॉपी उतरवून देणाऱ्यांना स्वतःचा खर्चही वसूल करता येत नव्हता. संगणकाच्या हप्त्यांचे म्हणाल, तर पुढे वापरकर्त्यांनीच वर्गणी काढून सुमारे ३ हजार डॉलर जमवले.

२९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबॉम यांनी त्याच चर्चागटात लिनक्स कालबाह्य असल्याचे जाहीर केले. सारा कर्नल एकसंध ठेवणे म्हणजे मागे जाणे, आणि ३८६ ला चिकटून राहणे त्याहून वाईट, असे त्यांचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून त्यात तथ्य होते. एकसंध रचनेचा कमीपणा तोरवाल्ड्सनेही मान्य केला. पण लोकांच्या टेबलावर ३८६ होता आणि त्यावर आज चालेल असे काहीतरी त्यांना हवे होते.

तसे एक ‘काहीतरी’ अमेरिकेत घडत होते. विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने बर्कलीचा बीएसडी युनिक्स ३८६ वर आणला होता. वंशाने आणि वयाने तो लिनक्सपेक्षा कितीतरी पक्व. मात्र ‘३८६बीएसडी’ १९९२ मध्ये बाहेर आले, आणि त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने बीएसडीच्या कोडवरून खटला भरला. तो १९९४ मध्ये मिटेपर्यंत बीएसडी वापरावे की नाही ही धाकधूक कायम राहिली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लिनक्स १.० प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, १९९३ मधील एका मुलाखतीत, तोरवाल्ड्सने सांगून टाकले होते की आपण सुरुवात केली तेव्हा ३८६बीएसडी उपलब्ध असते, तर लिनक्स बहुधा लिहिलेच गेले नसते.