खोडदच्या माळावरची आज्ञाधारक यंत्रे

नारायणगावाहून खोडदच्या वाटेला लागलात, की द्राक्षांचे मळे मागे पडतात आणि माळावर जाळीच्या प्रचंड पराती उभ्या दिसतात. जुन्नर-आंबेगावच्या मंडळींना त्या काही नव्या नाहीत. पण यंत्रमानव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हातपाय हलवणारा लोखंडी पुतळाच येतो. खरे पाहता, हुकूम घ्यावा, आपली चूक आपणच ओळखावी आणि ती सुधारावी, हा यंत्रमानवाचा मुख्य गुण. तो या परातींच्या अंगी आहे. त्या उभ्या करणाऱ्या प्राध्यापकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

डॉ. गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा येथे झाला. १९५३ साली ते ऑस्ट्रेलियात गेले आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकण्याची विद्या शिकले. तिथे सहा-सहा फुटी ३२ पराती मोडीत निघणार होत्या. त्या त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या. पराती आल्या, पण बरीच वर्षे तशाच पडून राहिल्या. स्वरूप अमेरिकेला गेले, १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट मिळवून तिथेच शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी व आणखी तिघा भारतीय शास्त्रज्ञांनी मायदेशातील संस्थांना पत्रे लिहिली : आम्हाला परत येऊन काम करायचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. होमी भाभांनी ते मनावर घेतले आणि १९६३ साली स्वरूप परतले.

आल्याबरोबर त्यांनी काय केले? त्याच पडून राहिलेल्या पराती १९६५ साली कल्याणला मांडल्या आणि सूर्याची निरीक्षणे सुरू केली. त्यांच्यावरच तरुण मंडळींचा हात बसला. पुढे उटीला त्यांनी ११ अंश उताराची टेकडी निवडली, कारण त्या जागेचे अक्षांशही ११. तिच्यावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बसवली, ती १९७० साली पुरी झाली. उतार असा जुळल्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. मग एकाच आसाभोवती फिरवत राहिले की ताऱ्याचा पाठलाग करता येतो. निम्मे काम डोंगराकडूनच करून घेतले, बघा!

खोडदची योजना १९८४ सालची. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० पराती. त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत. एवढी परात पत्र्याची केली, तर वारा तिला उलथून टाकील. स्वरूपांनी बारीक पोलादी तारांची जाळी घेतली आणि ती तारेच्या दोरांवर ताणली. द्राक्षाच्या मांडवाला तार ताणतात, तसेच काहीसे. भोके लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली, की लहर जाळीवरून परतते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. वजन घटले, खर्चही घटला.

आता ती वळते कशी? नांगर धरणारा तासाकडे पाहतो आणि बैल वाकडा गेला की कासरा ओढतो. इथे कोन मोजणारे यंत्र परात कुठे आहे ते सतत कळवते. ती कुठे हवी, याच्याशी ताडून पाहिले जाते आणि फरक पडला की मोटार तो काढते. शिवाय दातेरी चाकांत थोडी ढिलाई असतेच. म्हणून दर आसाला दोन मोटारी लावून त्या एकमेकींविरुद्ध किंचित ताणून ठेवल्या आहेत. वारा फार सुटला तर परात आभाळाकडे तोंड करून स्वस्थ बसते. अशा तीसही पराती एका खोलीतल्या हुकमाने एकाच ताऱ्याकडे वळतात.

हीच जागा का? भोवती डोंगरांची आड, पुणे जवळ, आणि मुख्य म्हणजे इथली शांतता. ही शांतता कानाची नव्हे, रेडिओची. ताऱ्याची लहर इतकी क्षीण, की जवळची ठिणगी वा मोबाइलही तिला बुडवतो. म्हणून या भागात कारखान्यांवर बंधने आली. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही याच कारणासाठी अडला. ज्यांच्या दारातून गाडी जायची होती, त्यांना हे बोचते, आणि ते बोचणारच. विज्ञानाचा मान राखताना हे दुःख झाकून ठेवू नये.

मग या त्यागाचे मोल कसे फिटावे? १९९४ साली निवृत्त झाल्यावरही स्वरूपांचे शिकवणे थांबले नाही. २०२० साली ते गेले. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, खोडदला प्रदर्शन भरते आणि गावोगावची पोरं आपापले प्रयोग मांडतात. गुरुजनहो, मुलांना तिथे न्या, पण नुसते दाखवून आणू नका. परात वाकडी गेली हे तिला कसे कळते, एवढे एकच विचारा. ज्या गावांनी आपली शांतता जगाला दिली, त्यांच्या मुलांनाच तिचा अर्थ कळला नाही, तर हा सौदा एकतर्फी होईल. तो तसा होऊ न देणे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.