प्रवाळांची टाकी आणि बुडबुड्याचे कोडे

१/ इ.स. १८४६. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून ॲना थिन यांनी काही जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणले. समुद्र दूर राहिला होता आणि भांड्यात साठवलेले खारे पाणी लवकरच कुजते. हे जीव जगवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

२/ त्यांनी योजलेला उपाय साधा होता. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही. उसळणाऱ्या बुडबुड्यांबरोबर हवा पाण्यात मिसळे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. प्रवाळ तगले. बुडबुडा येथे प्राणदाता ठरला.

३/ १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ प्रसिद्ध झाले आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेड पसरले. पण केवळ हवा पुरेशी नव्हती. विष्ठा व उरलेले अन्न यांतील प्रथिने पाण्यातच कुजत आणि त्यातून विषारी अमोनिया तयार होई. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम ॲल्फोर्ड लॉइड यांनी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदातून पाणी सतत खेळते ठेवले. तेवढा हौद सामान्य घरात बांधणे मात्र शक्य नव्हते.

४/ उत्तर पुन्हा बुडबुड्यातच सापडले. प्रथिनाच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो, तर दुसरा पाण्यापासून दूर जाऊ पाहतो. त्यामुळे असे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. उंच नळीत बारीक बुडबुडे सोडले की ते ही घाण घेऊन वर चढतात आणि तिचा फेस वरच्या पेल्यात साचतो. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात, तसाच हा प्रकार. फक्त येथे आच नसते. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत हे उपकरण, म्हणजेच ‘प्रोटीन स्किमर’, हौशी मत्स्यपालकांपर्यंत पोहोचले. पुढे जिवंत खडक, प्रखर प्रकाश आणि समर्थ स्किमर यांवर उभी राहिलेली प्रवाळपालनाची रीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली.

५/ येथेच नवा पेच उद्भवला. तेवढ्याच हवेचे निम्म्या व्यासाचे बुडबुडे केले, तर एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो आणि सफाई सुधारते. परंतु अतिसूक्ष्म बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला, की त्याचा वर चढण्याचा वेग सुमारे पावपट उरतो. शिवाय खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहजी एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. वर पोहोचण्याआधीच ते स्वच्छ पाण्याबरोबर बाहेर पडतात. मुख्य टाकीतील पाणी धूसर दिसते आणि पृष्ठभागावर फुटणाऱ्या तुषारांतून काठांवर मिठाचे थर चढतात.

६/ यावरचा उपाय म्हणजे बुडबुड्याला वर येण्यास अवधी देणे. स्किमर ज्या खालच्या टाकीत बसवतात, तिथे काचेचे तीन पडदे लावले जातात. पाणी पहिल्यावरून, दुसऱ्याखालून आणि तिसऱ्यावरून जाते. पडद्यांतील अंतर ऐसपैस असेल, तर खाली जाणारा प्रवाह मंदावतो आणि बुडबुडे वर निसटून फुटतात. निर्गमनळीवरील स्पंजही त्यांना अडवतो. मात्र त्यात घाण साचते, म्हणून तो वारंवार धुवावा लागतो. नव्या स्किमरमधून पहिले काही दिवस बुडबुडे सुटतात, कारण त्याच्या पृष्ठभागावर निर्मितीवेळचे तेलकट अवशेष असतात. ते निघून गेले की उपद्रव ओसरतो.

७/ म्हणूनच बुडबुडे दिसताच स्किमरची हवा तोडणे हा उलटा उपाय ठरतो. त्याने पाणी नितळ दिसेल, पण प्रथिने आतच राहतील. आधी खालच्या टाकीतील पाण्याची पातळी, प्रवाहाचा वेग आणि मुख्य पंप कुठे हवा ओढतो का, हे तपासणे श्रेयस्कर. १८४६ मध्ये पाण्यात हवा घालणे हेच मोठे काम होते. आजच्या टाकीत ती घालून, तिच्याकडून सफाई करवून, पुन्हा बाहेर काढावी लागते.