साडेतीन अंशांची बाकी

आजचा विषय तंत्रज्ञानाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, मी सर्किटच्या आकृत्या काढणार नाही. मला एका वजाबाकीबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या होल्मडेल गावी, १९६४-६५ साली दोन माणसांनी ती केली. बाकी उरली साडेतीन. आणि ती कुठल्या खात्यात मांडायची, हेच त्यांना कळेना.

आधी त्यामागचा व्यवहार समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लांबचे टेलिफोन आणि टेलिव्हिजनचे कार्यक्रम मायक्रोवेव्हवरून न्यायला सुरुवात झाली. १९४७ मध्ये न्यूयॉर्क ते बोस्टन, आणि १९५१ मध्ये थेट न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को, १०७ टॉवरांची रांग. टॉवर एवढे का? तर या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या. प्रकाशासारख्या सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत नाहीत. म्हणून साधारण पन्नास किलोमीटरवर एक टॉवर. त्याने आलेला संदेश घ्यायचा, मोठा करायचा, पुढच्याकडे द्यायचा.

आता रिसीव्हर काय करतो बघा. संदेश येतो सुमारे ४००० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला चारशे कोटी कंपनं. एवढ्या वेगाची लहर आहे तशी मोठी करणं तेव्हा कठीण होतं. मग रिसीव्हर स्वतःच तिच्या जवळपासची एक लहर तयार करतो आणि दोन्ही एकत्र मिसळतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या असतील, तर दोघींमधल्या फरकाचं एक संथ आंदोलन ऐकू येतं ना? अगदी तेच नव्हे, पण त्याच जातीचं हे काम आहे. त्या फरकातून ७० मेगाहर्ट्झची लहर मिळते, संदेश तिच्यावर तसाच असतो, आणि तिला मोठं करणं सोपं.

पण संदेशाबरोबर खरखरही मोठी होते. ही खरखर येते कुठून? जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखवून दिलं की कुठल्याही वाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हलत असतात, आणि त्या हलण्याचीच खरखर होते. वस्तू जितकी गरम तितकी खरखर जास्त. म्हणून इंजिनिअर लोक खरखर चक्क तापमानात मोजतात, केल्विनमध्ये. प्रत्येक टॉवर आपली थोडी भर घालतो आणि शेवटच्या टॉवरला सगळ्यांची बेरीज मिळते. तेव्हा खरखरीचा हिशेब ठेवणं ही टेलिफोनच्या धंद्याची गरजच होती.

टॉवरवर एक अँटेना ऐकतो आणि त्याच्याच पाठीला पाठ लावून दुसरा बोलतो. ऐकणाऱ्याला मागचं ऐकू येता कामा नये. म्हणून बेल प्रयोगशाळेच्या फ्रीस आणि बेक यांनी शिंगाच्या आकाराचा अँटेना काढला. त्याचीच थोरली आवृत्ती, सुमारे सहा मीटर तोंडाची, होल्मडेलला उभी राहिली. १९६० मध्ये ‘एको’ नावाचा तीस मीटरचा चकचकीत फुगा अवकाशात सोडला होता. त्याच्यावरून परतणारा अतिशय क्षीण संदेश ऐकायला हे शिंग होतं. एडवर्ड ओम या इंजिनिअरने १९६१ साली त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. एकूण खरखर घटकांच्या बेरजेपेक्षा सुमारे तीन अंशांनी जास्त भरत होती. पण मोजमापातली अनिश्चितताच तेवढी होती. त्यामुळे तो फरक तिच्या पोटात गेला. यात ओम यांना बोल लावता येणार नाही.

पुढे अर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी हे शिंग खगोलशास्त्रासाठी घेतलं. त्यांनी एक गोष्ट जास्तीची केली. द्रवरूप हेलियममध्ये ठेवलेला, तापमान नक्की ठाऊक असलेला एक खरखरीचा स्रोत त्यांनी बनवला. आता रिसीव्हर कधी शिंगाला जोडायचा, कधी या स्रोताला. रिसीव्हरची स्वतःची खरखर दोन्हीकडे सारखीच, म्हणजे फरक काढला की ती कटते.

हिशेब असा आला. शिंग सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलं की एकूण ६.७ केल्विन. त्यातले २.३ वातावरणाचे. शिंगाच्या धातूचे आणि मागून झिरपणाऱ्या जमिनीच्या उष्णतेचे मिळून फार तर ०.९. बाकी ३.५.

मग संशयितांची झडती सुरू झाली. शिंग न्यूयॉर्क शहराकडे वळवलं, फरक नाही. दिशा बदलली, ऋतू बदलले, तरी बाकी तीच. शिंगात कबुतरांनी संसार थाटला होता. त्यांना बाहेर काढलं, घाण साफ केली, धातूच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. खरखर नावापुरती कमी झाली. बाकी काही जाईना.

आपल्या न्यायदर्शनात याला एक नाव आहे, परिशेष. वात्स्यायनाने ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ असा दिला आहे: ज्या ज्या शक्यता प्राप्त होतात त्या नाकारत जायचं, उरेल ते खरं. गंमत म्हणजे त्याचं उदाहरण शब्दाचंच आहे. शब्द द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून तो गुण. पण या अनुमानाची अडचण उघड आहे. शक्यतांची यादी पूर्ण असेल तरच ते चालतं, आणि यादी पूर्ण आहे हे कोण सांगणार? पेंझियास-विल्सन यांनी इथे संयम दाखवला. त्यांच्या लेखाचं शीर्षकच ‘४०८० मेगासायकलवरील जादा अँटेना-तापमानाचं मोजमाप’ अशा अर्थाचं आहे. अर्थ सांगितला तो त्याच अंकात प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिके आणि सहकाऱ्यांनी: विश्व पूर्वी अतिशय तप्त होतं, त्या उष्णतेचा हा थंडावलेला अवशेष. १९७८ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना नोबेल मिळालं.

लोक म्हणतात, योगायोग. मला ते पटत नाही. आकाशाबद्दल शंका घेण्याचा अधिकार त्यांनी कमावला होता, आधी स्वतःच्या यंत्राची खरखर मोजून. देकार्तने सगळ्या जगावर संशय घेतला, पण तो खोलीत बसून. या दोघांचा संशय अंशा-अंशाने, पट्टी चिकटवत, झाडलोट करत पुढे सरकला. आणि जे उरलं ते गैरसोयीचं होतं तरी त्यांनी खोडलं नाही.

जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतं ना? त्या मुंग्यांमधला अगदी थोडा वाटा याच अवशेषाचा होता. आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे. आणि उठून टीव्ही बंद केला आहे.