छायेचे हरवलेले रंग

चेतनपट, म्हणजेच ॲनिमेशनपट, म्हटला की डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’पासून इतिहास सांगावयाचा, असा प्रघात पडला आहे. वस्तुतः त्यापूर्वी अकरा वर्षे, १९२६ साली, लोटे रायनिगर या जर्मन कलावतीचा ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा पूर्ण लांबीचा पट बर्लिनमध्ये दाखविला गेला होता. आज उपलब्ध असलेल्या अशा पटांत हाच सर्वांत जुना होय. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत रुजविलेल्या अरबी सुरस कथाच त्याच्या मुळाशी आहेत.

रायनिगरबाईंनी आकृती रेखाटल्या नाहीत; कात्रीने कातरल्या. काळा पुठ्ठा व शिशाचा पातळ पत्रा यांचे अवयव तारेने सांधून त्या काचेच्या मेजावर मांडीत. खालून प्रकाश व वर कॅमेरा. एक चित्र टिपावयाचे, हात वा मान केसभर हलवावयाची, की पुन्हा दुसरे. पॉट्सडॅम येथे तीन वर्षे हे काम चालले. पूर्ण झालेल्या पटात अशी सुमारे ९६,००० चित्रे आहेत.

पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्यांस यातील मर्म चटकन उमगेल. मात्र तेथे रंगविलेल्या पारदर्शक चामड्यातून छायाच रंगीत उमटते. येथे आकृती काळीठार आणि रंग सारा पार्श्वभूमीचा. फितीचे तुकडे निरनिराळ्या रंगांत बुडवून निळी, पिवळी, तांबडी आभा साधलेली होती.

दुसऱ्या महायुद्धात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. पुढे अनेक वर्षे हा पट कृष्णधवल प्रतींतूनच लोकांसमोर येत राहिला. कथा उरली, हालचाल उरली. रंग मात्र विस्मरणात गेले. सुदैवाने लंडनच्या संग्रहालयात एक जुनी रंगीत प्रत सुरक्षित होती. तिच्या आधारे फ्रांकफुर्टच्या चित्रपट संग्रहालयाने १९९९ मध्ये पटाचे पुनरुज्जीवन केले. मायदेशी नष्ट झालेले परदेशी प्रतीने राखले!

आमच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ निर्माण केली होती. तिला अशी प्रत लाभली नाही. आज तिचे केवळ नाव उरले आहे. पोथ्यांच्या पाठभेदांविषयी दक्ष असणाऱ्या आपण शिक्षकांनी व अकादमीच्या सभासदांनी एवढा बोध घ्यावा, की फितीलाही पाठ असतो, आणि दूरच्या कपाटातील दुय्यम वाटणारी प्रत हीच कधी एकमेव साक्ष ठरते.