अस्थिमज्जेतून हृदय घडते का? एका वैद्यकीय आशेचा इतिहास

१/ हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडते आणि काही तासांतच तिच्यावर विसंबलेल्या स्नायूतील कोट्यवधी पेशी मरतात. त्वचेची जखम भरते, मोडलेले हाड सांधले जाते. हृदयात मात्र आकुंचन न पावणारा व्रण कायमचा उरतो. हा व्रण पुसता येईल का, या प्रश्नाचा इतिहास आज पाहू.

२/ आशा निराधार नव्हती. अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, आयुष्यभर नवे रक्त घडवत असतात. मज्जेच्या प्रत्यारोपणाने रक्ताच्या कर्करोगावर उपचार करण्याचा मार्ग ई. डॉनल थॉमस यांनी घालून दिला आणि १९९० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. या पेशी प्रौढ शरीरातच मिळतात, त्यासाठी भ्रूणाची गरज नाही. मग ज्या पेशी रक्त घडवतात, त्या हृदय का घडवणार नाहीत?

३/ माणसावरील आरंभीचा प्रयोग मात्र मज्जेचा नव्हता. जून २००० मध्ये पॅरिस येथे शल्यविशारद फिलिप मेनाशे यांनी एका ७२ वर्षांच्या रुग्णाच्या पायाच्या स्नायूतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्याच हृदयात टोचल्या. पुढे त्यांनीच ९७ रुग्णांची तुलनात्मक चाचणी घेतली. २००८ मध्ये निकाल आला: हृदयाच्या कार्यात अपेक्षित सुधारणा नाही. तो त्यांनी जसाच्या तसा प्रसिद्ध केला.

४/ दरम्यान, एप्रिल २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अँव्हर्सा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला होता. उंदरांच्या जखमी हृदयात मज्जेतील पेशी टोचल्यावर अवघ्या ९ दिवसांत मृत भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने व्यापला, असा त्यातील दावा होता. वैद्यकविश्व थरारून गेले.

५/ उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर सहसा अनेक वर्षांचे असते. येथे ते उरलेच नाही. २००१ सालीच जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे बोडो-एकेहार्ड श्ट्राउअर यांनी एका रुग्णाच्या हृदयधमनीत त्याच्याच मज्जेतील पेशी सोडल्या. पुढच्या वर्षी १० रुग्णांचा अहवाल आला. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच, म्हणून धोका कमी वाटला. अनेक देशांत चाचण्या सुरू झाल्या.

६/ मूळ दावा पारखून पाहणारे प्रयोग मागाहून आले. २००४ मध्ये ‘नेचर’मध्येच दोन स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाले. चार्ल्स मरी, लोरेन फील्ड आणि सहकाऱ्यांनी पेशींवर अशी आनुवंशिक खूण ठेवली, की पेशी हृदयस्नायू झाली तरच ती प्रकट व्हावी. १४५ प्रत्यारोपणे झाली. खूण कोठेही प्रकटली नाही. स्टॅनफर्डच्या गटालाही टोचलेल्या पेशी रक्तपेशीच होताना दिसल्या.

७/ मग आधी दिसले ते काय होते? रंगद्रव्ये लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना फसगत होऊ शकते, कारण हृदयस्नायू स्वतःच मंद प्रकाश देतो आणि एकमेकांवर आलेल्या दोन पेशी एकच भासतात. दिसणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, ते असे.

८/ हृदय स्वतःला किती नवे करते, याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ वाढला आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर घटत गेला. अन्नावाटे तो प्रत्येकाच्या डीएनएत उतरला आणि जणू पेशीची जन्मतारीख ठरला. त्याआधारे स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृदयस्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. नूतनीकरण खरे होते, पण व्रण भरण्यास फार अपुरे.

९/ अँव्हर्सा यांनी पुढे हृदयातच मूलपेशी असल्याचा दावा केला होता. तोही टिकला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालय यांनी त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली. आपण गैरप्रकार केल्याचे अँव्हर्सा यांनी नाकारले. याच संशोधनाच्या पायावर माणसांवर झालेल्या ‘सिपिओ’ चाचणीचा निबंधही २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने मागे घेतला.

१०/ आणि रुग्ण? झटक्यानंतरच्या मज्जा-उपचाराच्या ४१ चाचण्यांतील २,७३२ रुग्णांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतला. फायद्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. नंतर जेफरी मॉल्केंटिन यांच्या गटाने उंदरांत दाखवले की मेलेल्या पेशी टोचल्या तरी हृदयाचे कार्य काहीसे सुधारते. ते काम नव्या स्नायूचे नव्हते. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींनी व्रणाची डागडुजी केली होती.

११/ मित्रहो, या इतिहासात केवळ काही निबंध खोटे ठरले नाहीत. हजारो आजारी माणसांनी आपल्या हाडांतून मज्जा काढू दिली, आपले हृदय प्रयोगासाठी पुढे केले. आणि ज्या दाव्यावर हे सारे उभे होते, त्याची कसून परीक्षा त्यांच्यानंतर झाली. विज्ञानाने आपली चूक स्वतःच शोधली, हे त्याचे श्रेय आहेच. पण परीक्षा आधी आणि उपचार नंतर, हा क्रम उलटला की विलंबाची किंमत रुग्ण मोजतो.