एटीएममधला 'टी': मोजणं आणि सांगणं यांची जुनी सोयरीक

(ऐकलेल्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. एटीएम म्हणजे काय? आपल्याकडे दहांतले सात जण छातीठोक सांगतील, 'एनी टाइम मनी'. चुकीचं आहे, पण वाईट नाही! खरं नाव आहे ऑटोमेटेड टेलर मशीन. आता हे ऐकल्यावर मला शाळेत असताना पडलेला प्रश्न तुम्हालाही पडेल की बँकेच्या मशीनमध्ये शिंपी काय करतोय?

तर हा टेलर कपडे शिवणारा नव्हे. हा 'टेल' या इंग्रजी क्रियापदावरून आलाय. टेल म्हणजे सांगणे, हे आपण चौथी-पाचवीत शिकतो. टेल मी, टेल हिम. पण मग टेलर म्हणजे सांगणारा व्हायला हवा. बँकेच्या काउंटरवरचा माणूस सांगतो काय? तो तर नोटा मोजतो.

हीच तर गंमत आहे. जुन्या इंग्रजीत 'टेल' म्हणजे मोजणेसुद्धा होतं. २७ जून १९६७ला लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेने पैसे देणारं पहिलं मशीन लावलं. ते बनवण्यामागचे गृहस्थ, जॉन शेफर्ड-बॅरन, जन्मले होते आपल्याकडे शिलाँगला. अशा मशीनला पुढे जे नाव चिकटलं, त्यात हा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ तसाच बसून राहिला. रोज आपण तो खिशात घेऊन फिरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

एकदा हे लक्षात आलं की इंग्रजीतली कितीतरी कोडी सुटतात. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून, एकूण. सगळं सांगून नव्हे, सगळं मोजून. 'टेलिंग बीड्स' म्हणजे जपमाळेचे मणी ओढणं, एकेक मणी मोजणं. ब्रिटनच्या संसदेत मतदानाच्या वेळी सभासद दोन लॉबींतून बाहेर पडतात आणि दाराशी उभे राहून त्यांची डोकी मोजणारे जे सभासद असतात त्यांना आजही टेलर्सच म्हणतात. आणि 'अनटोल्ड वेल्थ'? न सांगितलेली संपत्ती नाही हो, न मोजता येणारी संपत्ती.

बरं, 'फेअरी टेल'मधला टेल, म्हणजे गोष्ट, हे नाम याच क्रियापदाचं भावंड. 'टॉक'सुद्धा त्याच घरातला. आणि या गोष्टवाल्या टेलचाही जुना अर्थ संख्या असा होता. बायबलमध्ये इजिप्तचा राजा इस्राएली गुलामांना हुकूम देतो: विटांसाठी लागणारा पेंढा यापुढे मिळणार नाही, तुमचा तुम्ही गोळा करा, पण रोजच्या विटा तेवढ्याच पाहिजेत. १६११च्या इंग्रजी भाषांतरात विटांच्या या ठरलेल्या संख्येला 'टेल' हाच शब्द वापरलाय. आज एखादा मुलगा ते वाचेल तर त्याला वाटेल, विटांची गोष्ट सांगायची होती की काय! नाही. मोजून द्यायच्या होत्या, आणि कमी भरल्या की मुकादमांना फटके.

मग मोजणं आणि सांगणं एका शब्दात आले कसे? या शब्दाच्या मुळाशी आहे 'एकामागून एक क्रमाने मांडणे'. मेंढ्या एकामागून एक मांडल्या की झाली मोजणी. घटना एकामागून एक मांडल्या की झाली गोष्ट. काम एकच, माल वेगळा.

आणि हे फक्त इंग्रजीचं वैशिष्ट्य नाही. जर्मनमध्ये 'त्सेलेन' म्हणजे मोजणे, 'एर्त्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणे. डचमध्ये 'टेलेन' मोजणे आणि 'व्हरटेलेन' सांगणे. स्वीडिशमध्ये 'ताल' म्हणजे संख्याही आणि भाषणही. आइसलँडच्या लोकांनी तर कमाल केली. त्यांना कॉम्प्युटरसाठी परका शब्द नको होता. तेव्हा १९६०च्या दशकात त्यांनी 'ताला', म्हणजे संख्या, आणि 'व्होल्वा', म्हणजे भविष्य सांगणारी बाई, हे दोन शब्द जोडून नवा शब्द घडवला: 'टोल्वा'. आकड्यांची भविष्यवेत्ती!

स्पॅनिशमध्ये 'कोंतार' म्हणजे मोजणे आणि सांगणे, दोन्ही. फ्रेंचमध्ये 'मोजणे' आणि 'सांगणे' ही क्रियापदं उच्चाराला अगदी सारखी आहेत, फक्त लिहिताना वेगळी. मूळ एकच लॅटिन शब्द, ज्याच्यावरून कॉम्प्युटरही आला.

आता इथे इतिहास येतो. सन १०६६. नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो. दरबारात फ्रेंच बोलली जायला लागते. हळूहळू, पुढच्या तीन-चारशे वर्षांत, फ्रेंचमधून आलेला 'काउंट' हा शब्द मोजण्याचं काम हातात घेतो आणि 'टेल'कडे मुख्यतः सांगणं उरतं. पण तो काउंटसुद्धा एकटा आला नाही. 'रीकाउंट' म्हणजे कथन करणे आणि 'अकाउंट' म्हणजे हिशेबही नि हकिगतही, ही जोडी घेऊनच आला. म्हणजे मोजणं-सांगणं वेगळं करायला गेले आणि नव्या शब्दातही ते दोघे एकत्रच निघाले.

याच विल्यमने १०८५च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवला आणि हुकूम सोडला: सगळं राज्य मोजा. कोणाची किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, किती माणसं. १०८६मध्ये अधिकारी गावोगाव फिरले आणि तेरा हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद झाली. हेच ते 'डूम्सडे बुक'. हे नाव राजाने दिलेलं नाही, ते लोकांनी पुढे ठेवलं. डूम्सडे म्हणजे शेवटच्या निवाड्याचा दिवस. त्या दिवशी जसं अपील चालणार नाही, तसं या वहीतल्या आकड्यावरही चालत नसे.

त्या काळी मठांत जुन्या इंग्रजीतून सालवार बखर लिहिली जात होती. त्यातला एक अनाम लेखक या मोजणीबद्दल फार चिडून लिहितो. एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा त्या वहीतून सुटलं नाही, अशी त्याची तक्रार. आणि पुढे म्हणतो की हे सांगायलाही लाज वाटते, पण राजाला ते करायला लाज वाटली नाही. या वाक्यात 'सांगायला' यासाठी त्याने कोणता शब्द वापरलाय? टेल! राजा मोजतोय आणि बखरकार सांगतोय. राजाच्या कृतीला आणि बखरकाराच्या कृतीला त्या भाषेत तेव्हा एकच शब्द चालला असता.

पण त्या वहीत खरंच सगळं मोजलं गेलं का? माणसांच्या नोंदी साधारण दोन लाख सत्तर हजार. त्यातले बहुतेक कुटुंबप्रमुख. गुलाम म्हणून नोंदलेले सुमारे अठ्ठावीस हजार. बायका आणि मुलं? जवळजवळ नाहीतच. जमीन नावावर असलेल्या थोड्या स्त्रिया सापडतात, बाकीच्या नाहीत. म्हणजे डुक्कर सुटलं नाही, पण डुकरं राखणाऱ्याची बायको सुटली. ती मोजलीच नाही, म्हणून आज इतिहासकाराला तिच्याबद्दल सांगताही येत नाही. 'अनटोल्ड' या शब्दाचे दोन्ही अर्थ तिला एकाच वेळी लागू पडतात.

आता जरा घरी येऊ. तुम्हाला वाटेल, आपल्याकडे मोजणं वेगळं, सांगणं वेगळं. बोलताना वेगळं आहे खरं. पण 'संख्या' हा शब्द फोडून बघा. सम् अधिक ख्या. 'ख्या' या संस्कृत धातूचा अर्थ सांगणे, प्रसिद्ध करणे. त्याच धातूपासून आख्यान, आख्यायिका, व्याख्या, ख्याती. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा जे आख्यान लावतात ते, आणि गणिताच्या वहीतली संख्या, ही सख्खी भावंडं! आणि 'असंख्य' म्हणजे शब्दशः काय? अनटोल्ड. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच पद्धतीने घडवलेला शब्द.

अजून एक. 'कल्' या धातूत मोजण्याचा अर्थ आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित म्हटलंय. आकलन हा त्याच धातूचा शब्द, आणि आपलं रोजचं 'कळणं' याचंही नातं तिथेच जोडलं जातं. आता इंग्रजीत 'आय कान्ट टेल' म्हणजे काय? मला कळत नाही. मोजणं, सांगणं आणि कळणं, तिन्ही एका माळेत.

माळेवरून आठवलं, म्हणून शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. माझी आजी रोज संध्याकाळी जप करायची. एकशे आठ मणी. इंग्रजीत मण्याला बीड म्हणतात, आणि तोही शब्द मूळचा प्रार्थना या अर्थाचा, पण ते असो. आजीला कोणीही विचारलं, मुलं किती, की ती म्हणायची, पाच. आम्ही जन्मभर पाचच ऐकलं. माझे बाबा, दोन काका, दोन आत्या.

मी कॉलेजात असताना एकदा घरात वंशावळ लिहायला बसलो. तिच्याजवळ वही घेऊन गेलो आणि म्हटलं, आजी, क्रमाने सांग, पहिलं कोण? तिने माळ खाली ठेवली. बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवून सुरुवात केली. पहिली मुलगी, सव्वा महिन्याची गेली. मग माझे बाबा. मग एक मुलगा, देवी आल्या त्यात गेला. असं करत करत तिचा अंगठा आठव्या पेरावर थांबला. पाच नव्हे, आठ. आणि प्रत्येक पेरावर ती थांबली, तिथे एक गोष्ट निघाली. त्या पहिल्या मुलीचं नावही ठेवलेलं होतं. घरात ते कोणाला माहीत नव्हतं.

तोपर्यंत तिला सगळे 'किती' विचारत होते आणि ती आकडा देत होती. मी 'क्रमाने सांग' म्हटलं, तेव्हा ती मोजायला लागली, आणि मोजता मोजता सांगायला लागली.

वंशावळीत आता आठ नावं आहेत. खरं तर सात नावं आणि एक 'बाळ', कारण त्याचं बारसं व्हायचं राहिलं होतं. पण ते मोजलेलं आहे.

तुमच्या घरात अशी कोणी मोजायची राहिली असेल, तर विचारायला उशीर करू नका.